नकाशातली कोरी जागा : सावित्रीचे खोरे, महाड आणि आपण

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्यापाशी बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करतो, क्रांतिस्तंभावर जातो, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन-चार पुस्तके घेतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. महाडचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. महाडचा भूगोल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला आहे. हे गाव नेमके इथेच का वसले, तळे गावात कुठे आहे, आपल्या वाड्या कुठे आहेत आणि हे सगळे सरकारी नकाशावर कसे उतरले, हे आपण विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. विचारायला लावले ते जुलै २०२१ च्या पुराने.

त्या पुरानंतर आम्ही काही कार्यकर्ते तांदूळ, चटया, औषधे घेऊन सावित्रीच्या खोऱ्यात गेलो. मदत वाटून झाली आणि खरे काम सुरू झाले ते पंचनाम्याचे. एका वाडीतली सात घरे चिखलाने भरली होती, दोन घरांच्या भिंती बसल्या होत्या. एका कार्यालयात आम्हाला सांगण्यात आले, "नकाशावर इथे घरेच नाहीत." टेबलावर नकाशा पसरून दाखवलाही. खरेच होते. गावठाण वेगळे दाखवले होते, ओढा होता, सर्व्हे नंबर होते आणि आमची माणसे जिथे तीन पिढ्या राहत होती तिथे कोरी जागा होती. नकाशा काढणाऱ्याचे काही चुकले असे तिथे कोणालाच वाटत नव्हते. चूक होती ती तिथे राहणाऱ्यांची!

परतताना आमच्याबरोबरचा एक तरुण म्हणाला, "नकाशा म्हणजे नुसते माप आहे. त्याला कुठे जात असते?" हाच युक्तिवाद आम्ही अनेक सुशिक्षित मित्रांकडूनही ऐकला आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. नकाशावर जात लिहिलेली नसते हे खरे, पण काय मोजायचे आणि काय सोडायचे हे ठरवताना जात तिथे हजर असते. आणि नकाशातली कोरी जागा प्रत्येक वेळी आपल्या विरोधातच जाते असेही नाही. याच महाडमध्ये एकदा तिने आपल्याला साथ दिली होती. ती गोष्ट नीट समजून घ्यायची तर आधी खोरे समजून घ्यावे लागेल.

खोरे आणि गाव

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, महाडला येते आणि पुढे दासगाव, आंबेत, म्हाप्रळ असे करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. गांधारी आणि काळ या नद्या महाडच्या परिसरात तिला येऊन मिळतात. एका बाजूने सह्याद्रीचे पाणी वेगाने खाली येते, दुसऱ्या बाजूने खाडीतून भरती वर चढते. या दोघांची गाठ जिथे पडते त्या पट्ट्यात महाड आहे. व्यापाराच्या दृष्टीने ही मोक्याची जागा. खाडीतून माल होडीने आणायचा आणि वरंधा घाट किंवा पार घाटाने देशावर न्यायचा. गावाला बाजारपेठ मिळाली ती या रचनेमुळे आणि पूरही मिळाला तो याच रचनेमुळे.

ही वाट फार जुनी आहे. गावाजवळच्या डोंगरात गांधारपाले येथे सुमारे ३० बौद्ध लेणी आहेत. जिथे व्यापारी मार्ग तिथे भिक्खूंचे विहार, हे सह्याद्रीत सगळीकडे दिसते. व्यापाऱ्यांनी दान द्यायचे, विहारांनी वाटसरूला आसरा द्यायचा. तरीही लोकांच्या तोंडी या लेण्यांचे नाव पांडवलेणी. नाव बदलले की मालकी बदलते आणि मालकी बदलली की इतिहास बदलतो, याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

इंग्रजही याच पाण्याच्या वाटेने आत आले. १७५६ मध्ये त्यांना बाणकोट आणि दासगाव मिळाले, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या ६२ वर्षे आधी. बाणकोट-दापोलीचा हा पट्टा मुंबईच्या फौजेत महार सैनिकांची भरती होण्याचे एक मोठे ठिकाण बनला. फौजेतून शिक्षण आले आणि शिक्षणातून प्रश्न विचारणारी माणसे आली. गोपाळबाबा वलंगकर याच महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना त्यांच्याबरोबर बसणे जड गेले. बाबासाहेबांना महाडला बोलावणारे कॉम्रेड आर. बी. मोरे दासगावचे. १९२७ च्या आधीची ४० वर्षांची मशागत या खोऱ्यात झालेली होती.

डोंगर मोजणारे

मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेला. राज्य मिळाले की मोजणी येते, कारण जे मोजले नाही त्यावर सारा बसवता येत नाही आणि तिथे तोफा नेता येत नाहीत. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, थॉमस बेस्ट जर्व्हिस या इंजिनिअर अधिकाऱ्याने दक्षिण कोकणच्या मोजणीचे काम हाती घेतले आणि सुमारे दहा वर्षे ते चालले. त्याच काळात देशभर त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू होते. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि १८२३ मध्ये आपल्या विदर्भात हिंगणघाटला मोजणीच्या कामावर असतानाच त्याचा मृत्यू झाला. पद्धत सोपी सांगायची तर अशी : जमिनीवर एक रेषा अत्यंत काळजीने मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या डोंगराचा कोन घ्यायचा, त्रिकोण पुरा करायचा आणि त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा. म्हणून मोजणीचे ठाणे नेहमी डोंगरमाथ्यावर. माथ्यावरून माथा दिसतो. ओढ्याकाठची वाडी दिसत नाही.

१९०५ नंतर भारतीय सर्वेक्षण खात्याने रंगीत स्थलनिर्देशक नकाशांची नवी मालिका काढली. एक इंच म्हणजे एक मैल, अर्थात १:६३,३६० हे प्रमाण. पुढे दशमान पद्धत आली आणि प्रमाण १:५०,००० झाले. ज्याला आपण टोपोशीट म्हणतो तो हाच नकाशा. प्रत्येक शीट १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांशाचे. महाड येते ४७ एफ/८ या शीटवर. पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, जंगल हिरवे, शेती पिवळी, रस्ते आणि वस्ती लाल. दहावी-बारावीच्या भूगोलात आपण हे रंग पाठ केले, दोन गुण मिळवले आणि विसरलो.

आता या नकाशावर चवदार तळे केवढे दिसेल? उच्च न्यायालयाच्या निकालात तळ्याचे क्षेत्र चार ते पाच एकर सांगितले आहे. एक इंच एक मैल या प्रमाणात ते जेमतेम दोन मिलिमीटर भरते. मोहरीच्या दाण्याएवढा निळा ठिपका! जगाच्या इतिहासात ज्या पाण्याची नोंद झाली ते सरकारच्या नकाशावर मोहरीएवढे आहे. त्यात चुकीचे काही नाही, प्रमाणच तसे आहे. पण त्या ठिपक्याभोवती एक रेषा होती. जनावरे ती ओलांडत, परधर्मीय ओलांडत, फक्त आपली माणसे ओलांडू शकत नव्हती. २० मीटर उंचीचा फरक दाखवणाऱ्या नकाशाला ही रेषा दिसली नाही. तिला रंगही नव्हता आणि खूणही नव्हती.

साखळी धरणारे हात

टोपोशीट हा फौजेचा आणि राज्यकारभाराचा नकाशा. शेतकऱ्याच्या आयुष्यात आला तो दुसरा नकाशा, महसुली मोजणीचा. मुंबई इलाख्यात १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ही पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम ठरले. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. आजही आपला सातबारा याच साखळीने बांधलेला आहे. टिपण, फाळणी, गावनकाशा हे शब्द तिथूनच आले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये दर ३० वर्षांच्या पैमाषीचा उल्लेख सारा वाढवण्याचे निमित्त म्हणून केला आहे, तो याच मोजणीबद्दल.

पण ही मोजणी झाली कोणाच्या आधारावर? गोरा अधिकारी तंबूत, कारकून दप्तरापाशी. शिवेचा दगड कुठे आहे, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, कोणता बांध सरकवलेला आहे, हे सांगणारा माणूस म्हणजे गावचा महार. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, ही परंपरा इंग्रजांच्या कितीतरी आधीची. ज्याला गावात राहू दिले नाही त्याला गावाची हद्द सगळ्यांत चांगली ठाऊक! ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता त्याच्या शब्दावर सवर्णांच्या जमिनीची हद्द ठरत होती. विटाळ मानणाऱ्यांना याची अडचण कधी वाटली नाही, कारण फायदा त्यांचा होता.

आमच्या त्या वाडीत ऐंशी ओलांडलेले एक आजोबा आहेत. पुरानंतर त्यांनी आम्हाला काठी टेकत टेकत ओढ्यापर्यंत नेले आणि झुडपात हात घालून एक दगड दाखवला. म्हणाले, "ही हद्द. माझ्या बापाने मोजणीवाल्याला दाखवली होती. झेंडा धरून दिवसभर उन्हात उभा होता." आम्ही विचारले, "मग आपली घरे का नाही लिहिली?" आजोबा हसले. "आपल्याला हद्द विचारली होती, बाबा. घर कुठाय ते कोणी विचारलं?"

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही राज्यसंस्था आणि ज्ञान यांवर जाडजूड पुस्तके वाचली. हे वाक्य त्यांत सापडले नव्हते.

कारणही साधे आहे. महसुली मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. पिकणारी जमीन आण्यात प्रतवारी लावून मोजली गेली. गावठाणावर सारा नव्हता म्हणून गावठाणाची आतली मोजणी बहुतेक ठिकाणी झालीच नाही, एक ठिगळ दाखवून सोडून दिले. अनेक जुन्या गावनकाशांवर महारवाड्याचे ठिगळ गावठाणापासून वेगळे आहे, अंतर राखून. जिथे तेही नाही तिथे आपली घरे कोणाच्या तरी सर्व्हे नंबरात पडली. कोकणात त्यावर खोती. कागद खोताचा, घाम कुळाचा. घराखालची जमीनही खोताच्या मर्जीची. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी घेऊन कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला, त्यामागे हा अनुभव होता. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. पण कायदा झाला म्हणून नकाशावरची कोरी जागा आपोआप भरली नाही.

कोरी जागा जिंकली तेव्हा

आता महाडच्या तळ्याकडे येऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्यापर्यंतची वाट सवर्णांच्या आळ्यांतून जात होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह ती वाट चालले आणि तळ्याचे पाणी प्याले. मग दंगल, मारहाण, पंचगव्याच्या १०८ घागरींनी शुद्धी आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने ठराव मागे घेणे, हा क्रम आपल्याला माहीत आहे.

डिसेंबरच्या सत्याग्रहाचा भूगोल मात्र पुन्हा सांगण्यासारखा आहे. मोटारमालकांनी वाहने नाकारली, तेव्हा बाबासाहेब आणि सुमारे २०० प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, खाडीतून दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला पोचले. रस्ता बंद केला तर नदी होती. परिषदेच्या मंडपाला कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. मनुस्मृती जळाली ती त्या जागेवर. महाडच्या लढाईत प्रत्येक पाऊल जागेच्या प्रश्नाशी बांधलेले होते : कोणाच्या वाटेने जायचे, कोणाच्या जमिनीवर बसायचे, कोणाच्या पाण्याला हात लावायचा.

त्याआधीच, १२ डिसेंबर १९२७ ला, नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या कोर्टात दावा दाखल केला होता आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. त्यांचे म्हणणे, तळे सार्वजनिक नाही, स्पृश्यांचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे. दावा दहा वर्षे चालला. ८ जून १९३१ ला खालच्या कोर्टात, १९३३ मध्ये अपिलात आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात ते हरले.

उच्च न्यायालयाचा निकाल आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचला असेल. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी तळ्याचे जे वर्णन केले आहे ते एखाद्या मोजणीदाराने करावे तसे आहे. तळे चार-पाच एकरांचे, चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची आणि काही थोड्या मुसलमानांची घरे. आसपास अस्पृश्यांचे एकही घर नाही. तळे किमान २५० वर्षे जुने, पण कोणी खोदले की नैसर्गिक आहे याचाही पुरावा नाही. मग न्यायालयाने साधा प्रश्न घेतला : ही बंदी खरोखर अनादी आहे का? तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्याआधी एवढ्या पाण्यापासून कोणाला दूर ठेवण्याचा प्रयत्न तरी कोणी केला असेल का? याची शंकाच आहे. म्हणजे रूढी अनादी असल्याचे सिद्ध होत नाही.

हा युक्तिवाद मूळात भूगोलाचा आहे. आधी तळे आले, मग घरे आली, घरांमागून बंदी आली. ज्या वेळी सवर्ण म्हणत होते 'हे असेच चालत आले आहे', त्या वेळी गावाची वाढ कशी झाली हे पाहून न्यायालयाने सांगितले की हे कधीतरी सुरू झालेले आहे. जे सुरू झाले ते थांबवता येते. शिवाशिवीची रेषा त्यांनी कधी कागदावर येऊ दिली नव्हती, कारण कागदाची गरजच नव्हती, लाठी पुरेशी होती. पण कोर्टात लाठी चालत नाही, कागद लागतो. आणि कागदावर तळ्याभोवती होते फक्त नगरपालिकेचे रस्ते. बंदीच्या जागी कोरी जागा होती. त्या वेळी कोरी जागा आपल्या बाजूने बोलली.

कोरी जागा हरवते तेव्हा

आता तीच कोरी जागा आपल्याला बुडवते आहे.

१:५०,०००च्या टोपोशीटवर दोन समोच्च रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. पुराचा प्रश्न दोन-चार मीटरचा असतो. बाजारपेठेतल्या दुकानांचे तळमजले बुडतात की ओढ्याकाठची वाडी छपरापर्यंत जाते, हे त्या दोन तपकिरी रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत ठरते. त्या जागेत कोण राहते, हे जातीने ठरवलेले आहे. ज्याला निवडीचा हक्क होता त्याने उंचवटा घेतला, ज्याला नव्हता त्याला उरलेली जागा मिळाली : ओढ्याचा काठ, डोंगराचा पायथा, स्मशानाची वाट. प्रत्येक गावात असेच असेल असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक गावात तपासून पाहा, एवढेच म्हणतो.

२००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या. २०२१ मध्ये तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. दरड जात पाहून कोसळत नाही, तळियेच्या दुःखात जात शोधणे आमच्या मनातही येणार नाही. पण दरडीनंतर आणि पुरानंतर कागद मागितला जातो आणि कागद मात्र सगळ्यांकडे सारखा नसतो. ज्याचे घर मिळकत पत्रिकेवर आहे त्याचे नुकसान मोजले जाते. ज्याचे घर कोऱ्या जागेवर आहे त्याला आधी आपण इथे राहतो हे सिद्ध करावे लागते. आमच्या वाडीतल्या सातपैकी चार घरांना धावपळीनंतर मदत मिळाली. तीन कुटुंबांचे अर्ज फिरत राहिले. लाईटबिल दाखवले, मतदार यादी दाखवली, रेशनकार्ड दाखवले. नकाशा जिंकला.

जलसंपदा विभाग नदीकाठी पूररेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. योग्यच आहे. पण त्या रेषेच्या आत पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे तिथे हौसेने गेली नव्हती. त्यांना तिथे कोणी ठेवले हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना अतिक्रमणदार म्हणणे म्हणजे १९२७ चाच मनाई हुकूम नव्या शाईने लिहिणे आहे.

नाव पुसले, जागा तीच

इथे आपल्याच लोकांशी थोडा वाद घालायचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत असे ठरले. आम्ही या निर्णयाचे स्वागत केले. पोराला शाळेत पत्ता सांगताना मान खाली घालावी लागू नये, हे आम्ही स्वतः भोगलेले आहे.

पण काही कार्यकर्ते त्यापुढे जाऊन म्हणू लागले की जुने नकाशे, जुनी नोंद सगळेच नष्ट करा, आठवणही नको. याला आमचा विरोध आहे. जुन्या गावनकाशावरचा 'महारवाडा' हा शब्द अपमान आहे आणि त्याच वेळी पुरावाही आहे. आपण इथे किती वर्षे आहोत, आपली जागा किती होती, ती कशी कशी आकसत गेली, हे सांगणारा कागद अनेकदा तेवढा एकच असतो. तो फाडला तर उद्या कोऱ्या जागेवर भीमनगरची पाटी राहील आणि पाटीखालची जमीन दुसऱ्याची निघेल. नाव पाटीवरून जावे, दप्तरातून जाऊ नये.

बाबासाहेबांची रीत हीच होती. ते सरकारी अहवाल वाचत, जनगणना वाचत, विरोधकांची शास्त्रे मुळातून वाचत आणि त्यातूनच पुरावा काढत. जे ग्रंथ जाळायचे ते त्यांनी जाळले, पण वाचून जाळले.

आपण काय करायचे

घोषणा देऊन लेख संपवण्याची आमची इच्छा नाही. काम ठोस आहे आणि कोणत्याही गावात करता येते.

पहिले, आपल्या गावाचा जुना गावनकाशा, टिपण आणि फाळणीच्या नकला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर अर्ज करून घ्या. शहर असेल तर नगर भूमापनाची चौकशी नोंदवही आणि मिळकत पत्रिका पाहा. कोणी 'मिळत नाही' म्हटले तर माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे.

दुसरे, टोपोशीट मिळवा. किनाऱ्यालगतच्या पट्ट्याची शीट अनेक दशके सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने वाट थोडी मोकळी झाली आणि २०१७ पासून सर्वेक्षण खात्याने खुल्या मालिकेचे नकाशे ऑनलाइनही दिले आहेत. ज्या नकाशासाठी आपल्या पणजोबांनी झेंडा धरला तो पाहण्याचा हक्क आपला आहे.

तिसरे, नकाशा घेऊन पावसाळ्याआधी वस्तीत फिरा. पूर कुठपर्यंत आला ते भिंतीवर खूण करा, ती उंची लिहा, घरे क्रमाने मांडा, म्हाताऱ्या माणसांना शिवेचे दगड विचारा. वस्तीतल्या बाया पाण्याची पातळी इंचात सांगतात, कारण चूल कितव्या पायरीवर चढवली ते त्यांना ठाऊक असते. हा नकाशा ग्रामसभेत ठरावासह दाखल करा.

चौथे, एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. तुमच्या गावात ड्रोन आला असेल तर तो गावठाणावरून उडाला की वस्तीवरूनही उडाला, हे विचारा. गावठाणाची जुनी हद्दच जर आपल्याला बाहेर ठेवून आखलेली असेल, तर वरून काढलेला फोटोही आपल्याला बाहेरच ठेवणार. गावठाण विस्ताराची मागणी त्यासाठी आधी करावी लागेल.

आमच्या वाडीत आम्ही हे काम सुरू केले आहे. शाळेतल्या वहीच्या पानांवर पोरांनी सात घरे, ओढा, विहीर, विहाराची जागा आणि आजोबांनी दाखवलेला दगड काढला. प्रमाण चुकले आहे, उत्तर दिशा जरा वाकडी आहे. भूमापन कार्यालयात त्याला किंमत नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्या कागदावरून आम्ही रीतसर मोजणीचा अर्ज तयार केला, सातही कुटुंबांच्या सह्या घेतल्या आणि तो दाखल केला. पोच आमच्याकडे आहे.

चवदार तळे मोहरीएवढे होते, तरी त्याच्यापर्यंत चालत जाणाऱ्यांनी देशाचा नकाशा बदलला. आमच्या वाडीला अजून तेवढाही ठिपका मिळालेला नाही. मिळेपर्यंत हेलपाटे चालू राहतील. येत्या २० मार्चला महाडला याल तेव्हा तळ्याभोवती एक फेरी मारा, चारही बाजूंच्या रस्त्यांकडे पाहा आणि परत गेल्यावर आपल्या गावाचा नकाशा मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!